पाच कोटींची पर्स आणि घरचं पोर

पुण्याच्या बुधवार पेठेत देवळं आहेत, वाडे आहेत, पुस्तकांची आणि विजेच्या सामानाची दुकानं आहेत. मोकळी जागा तेवढी नाही. म्हणून आमच्या मंडळाची कबड्डी महापालिकेच्या एका शाळेच्या पटांगणावर चालते, तीही शाळा सुटल्यावर. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाची रोजकीर्द बंद करून साडेसहाला मी तिथं पोचते, तेव्हा पोरं मॅट अंथरत असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा एकेक तुकडा. मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० तुकडे. दात्यात दाता बसवायचा आणि टाचेनं दाबायचा. फट राहिली तर चढाईला गेलेल्या पोराचा अंगठा तिच्यात अडकतो. रात्री नऊला सगळे तुकडे उचलून पुन्हा खोलीत रचायचे, कारण सकाळी तिथं प्रार्थना होते.

मी पुस्तकांच्या एका वितरकाकडे तीस वर्षं हिशेब लिहिते. तरुणपणी मातीवर डावा कोपरा खेळले, आता या मुलामुलींना शिकवते. प्रो कबड्डीचा लिलाव बघताना त्यामुळे मला खेळाडूही दिसतो आणि त्याच्या नावापुढचा खर्चाचा रकानाही. या रकान्याबद्दलच आज लिहायचं आहे. संघानं खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा असावी, असं माझं ठाम मत आहे. पण आज या मर्यादेचा सगळ्यात जास्त भार संघानं स्वतः वाढवलेल्या पोरावर पडतो, आणि तो उतरवता येण्यासारखा आहे.

९ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ मला नीट आठवते. पितृपक्ष होता, दुकानात गिऱ्हाईक बेताचं, म्हणून मी लवकर निघाले होते. पटांगणावर पोचले तर मॅट अर्धीच अंथरलेली आणि सगळी पोरं एका मोबाईलभोवती. मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव चालू होता. इराणच्या मोहम्मदरझा शादलूईवर बोली चढत चढत २ कोटी ३५ लाखांवर थांबली आणि तो पुणेरी पलटणकडे आला. तोवर कुठल्याही परदेशी खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. पोरांनी पटांगण डोक्यावर घेतलं. त्या गोंधळात आमचा एक चढाईपटू, तेव्हा अकरावीत होता, मला म्हणाला, "ताई, पण मग बाकीच्यांना किती उरले?"

मला तो प्रश्न फार आवडला. पिशवीतून बिलबुक काढलं आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पर्स, म्हणजे संघाच्या खर्चाची मर्यादा, ५ कोटी. त्यातून २ कोटी ३५ लाख गेले. उरले २ कोटी ६५ लाख. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू लागतात. एका माणसानं जवळजवळ निम्मी पर्स घेतली. बाकीच्या सगळ्यांना दुसऱ्या निम्म्यात बसवायचं. पोरं गप्प झाली. मग एकानं विचारलं, "म्हणजे बाकीचे स्वस्तात हवेत?" मी म्हटलं, "हो. स्वस्तात आणि चांगले. ते बाजारात मिळत नाहीत, घरीच वाढवावे लागतात."

पुणेरी पलटणनं त्या वर्षी नेमकं तेच करून ठेवलं होतं. आदल्या हंगामात त्यांनी इराणच्याच फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाख देऊन घेतलं होतं. तो कर्णधार होता, आणि पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. कुणालाही वाटलं असतं की असा माणूस काही झालं तरी ठेवायचा. पलटणनं त्याला सोडलं, आणि गुजरातनं त्याला १ कोटी ६० लाखांना घेतलं. पलटणनं ठेवले ते अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. यातले अस्लम आणि मोहित हे आठव्या हंगामात नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून, म्हणजे लिलावाच्या बाहेरून, आलेले. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला, पंकज मुंबईचा. या पोरांमुळे पर्समध्ये जी जागा राहिली, त्या जागेत शादलूई बसला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. साखळीत २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, फक्त २ हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद मिळवलं. अस्लम हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, शादलूई सर्वोत्तम बचावपटू. अंतिम सामन्यात पंकजनं एकाच चढाईत चार गडी टिपले, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. तो विजय मला मैदानावरचा जितका वाटला तितकाच खतावणीतला वाटला. जो संघ पैसे कमी पडतात म्हणून रडत बसला नाही, मर्यादेत कसं राहायचं हे तीन वर्षं आधी ठरवून बसला, तो जिंकला.

म्हणूनच मर्यादेला शिव्या देणाऱ्यांच्या मी बाजूची नाही. ज्याच्याकडे पैसा जास्त त्यानं सगळे चढाईपटू उचलायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे चित्र आपण कबड्डीत पूर्वी पाहिलेलं आहे. लीग येण्याआधी खेळाडूची किंमत नोकरीत मोजली जायची. रेल्वे, बँका, विमान कंपनी, तेल कंपन्या, महिंद्र यांचे संघ असायचे. मंडळानं चिखलात लोळवून मोठा केलेला गडी एके दिवशी नोकरीची ऑर्डर दाखवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बनियनमध्ये आमच्याच समोर उभा राहायचा. त्याचा संसार त्या नोकरीवर उभा राहिला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण स्पर्धेचा निकाल नोकऱ्या किती आहेत यावर ठरायचा. मर्यादेनं निदान एवढं केलं की बाराही मालकांना एकाच रकमेत संघ बांधावा लागतो. बारा हंगामांत वेगवेगळ्या शहरांनी करंडक उचलला, याचं मोठं श्रेय त्या नियमाला आहे.

तर मग माझी तक्रार कुठं आहे? तिच्यासाठी २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत यावं लागेल.

अकराव्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यातच होता. आम्ही मनपावरून बसनं मंडळाची चौदा पोरं घेऊन गेलो. अंतिम सामन्यात पुणे नव्हतं. पलटण बाद फेरीतही पोचली नव्हती. हरियाणा स्टीलर्सनं पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. विजेत्यांच्या घोळक्यात शादलूई होता. विजेतेपद मिळवून दिल्यावर पलटणला तो सोडावा लागला होता, आणि हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं होतं. ज्या संघाला त्यानं हैदराबादला हरवलं, त्याच संघाकडून तो पुण्यात येऊन जिंकला. शेजारी बसलेलं आमचं एक पोर म्हणालं, "ताई, हा आपलाच होता ना?" मी म्हटलं, "होता."

शादलूईचं मला दुःख नाही. तो बाजारात मोठ्या रकमेला आला होता, मोठ्या रकमेला गेला. पुढच्या वर्षी गुजरातनं त्याला २ कोटी २३ लाखांना नेलं. फझल तर पुढं दिल्लीच्या संघात गेला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पलटणसमोर उभा राहिला. दिल्लीनं ३१-२८ असं हरवलं. बाजारातून घेतलेली माणसं बाजारात परत जाणार, हा व्यवहार आहे. मर्यादा असेल तर असंच होणार आणि व्हायला हवं.

मला दुःख होतं ते आकाश शिंदेसारखी नावं यादीतून निघतात तेव्हा. पलटणमध्ये वाढलेला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात असलेला हा मुलगा २०२५ च्या लिलावात बंगळुरूकडे गेला. त्याआधी २०१९ मध्ये हेच सिद्धार्थ देसाईचं झालं होतं. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला हा पोरगा. यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, एका हंगामात त्यानं महाराष्ट्र वेडा केला, आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. पैसे मिळाले, चांगलंच झालं. पण नियम असा आहे की संघ पोराला जितकं चांगलं घडवेल, तितकं ते पोर संघाच्या हातातून लवकर निसटेल.

याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. लिलावाआधी संघ काही खेळाडू कायम ठेवू शकतो, पण त्यांची रक्कम त्याच पाच कोटींतून वजा होते. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्यानं शेवटची बोली लावली, तर तीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा हक्क जुन्या संघाला असतो. त्यासाठीची कार्डं मोजकीच मिळतात, आणि ती वापरायलाही पर्समध्ये पैसे लागतात. खिसा रिकामा असेल तर हक्क कागदावर राहतो. म्हणजे बाहेरून विकत आणलेला तारा आणि तुम्ही स्वतः तीन वर्षं जेवूखाऊ घालून, दुखापतीत सांभाळून वाढवलेला पोरगा, दोघं एकाच मापानं मोजले जातात. पर्सला हा फरक कळत नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलनं हा फरक चाळीस वर्षांपूर्वी ओळखला. एनबीएमध्ये १९८४-८५ च्या हंगामात संघांच्या पगारावर मर्यादा आली, ३६ लाख डॉलरची. पण ती घालतानाच त्यांनी एक वाट ठेवली. खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो आणि कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो. अशा मोकळ्या झालेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाला घ्यायचं असेल, तर त्या संघाच्या मर्यादेत सहसा तेवढी जागा असावी लागते. स्वतःच्या संघाला मात्र मर्यादा ओलांडूनही त्याच्याशी नवा करार करता येतो. पूर्ण सवलत मिळायला तो खेळाडू साधारणपणे तीन हंगाम त्या संघाबरोबर असायला हवा. बॉस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डच्या नावानं हा नियम ओळखला जातो. पोरगा तुमच्याकडे वाढला, त्यालाही तुमच्याकडे राहायचंय, तर पैशाच्या रेषेनं तुमची ताटातूट करू नये, एवढंच त्यामागचं तत्त्व.

आपल्या आणि त्यांच्या पद्धतीत एक मोठा फरक आहे, तो झाकून चालणार नाही. तिथला मोकळा खेळाडू स्वतः संघ निवडतो. कमी पैशांत जुन्या शहरात राहायचं की जास्त पैशांसाठी नव्या शहरात जायचं, हे तो ठरवतो. आपल्याकडे खेळाडू लिलावात नाव नोंदवतो आणि हातोडा पडेल तिकडे जातो. त्याला पुणं हवं की पाटणा, हे कुणी विचारत नाही. संघाच्या पर्सला जागा आहे का, हा एकच प्रश्न विचारला जातो.

आमच्या पटांगणावर वाढलेला एक मुलगा आहे. त्याचं नाव लिहीत नाही, संघाचंही लिहीत नाही, कारण त्याला अजून खेळायचंय. उजवा कोपरा. घोट्याची पकड अशी की एकदा हात बसला की चढाईपटू मध्यरेषेकडे बघतच राहतो. वडील टेम्पो चालवतात. तरुण खेळाडूंच्या योजनेतून तो एका संघात गेला. पहिल्या वर्षी बाकावर बसला, दुसऱ्या वर्षी सात जणांत आला, तिसऱ्या वर्षी त्याच्याशिवाय बचावाची साखळी पुरी होत नव्हती. हंगाम संपला तेव्हा त्याला सांगितलं गेलं की तुला ठेवणार. त्यानं घरी सांगितलं. घरच्यांनी टेम्पोचे हप्ते त्या भरवशावर ठरवले.

कायम ठेवलेल्यांची यादी आली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. तो संध्याकाळी पटांगणावर आला, बूट न काढताच मॅटच्या कडेला बसला. म्हणाला, "ताई, त्यांनी सांगितलं की तुझ्या खेळात काही कमी नाही, पर्समध्ये जागा नाही." एका मोठ्या नावाला ठेवताना गणित फिरलं होतं. लिलावात त्याच्यावर एकच बोली लागली, पायाभूत किमतीला, दूरच्या एका संघाची. तो गेला, आता तिथं खेळतो. पण त्या संध्याकाळी तो आणखी एक वाक्य बोलला, ते माझ्या मनातून जात नाही. "मी थोड्या कमी पैशात राहिलो असतो हो. पण मला विचारलंच नाही."

त्याला विचारायला हवं होतं. माझी सगळी मागणी या एका वाक्यातून निघते.

मागणी अशी. जो खेळाडू तरुण खेळाडूंच्या योजनेतून संघात आला आणि सलग तीन हंगाम त्याच संघात राहिला, त्याला संघानं कायम ठेवलं तर त्याची निम्मीच रक्कम पर्समध्ये धरावी. समजा मुलाचं मानधन ४० लाख ठरलं. त्याला पूर्ण ४० लाख मिळतील, पर्समधून मात्र २० लाखच वजा होतील. ही सवलत एका संघाला दोन खेळाडूंपुरती असावी. आणि खेळाडूची लेखी संमती असेल तरच ती लागू व्हावी. त्याला लिलावात जाऊन जास्त कमवायचं असेल, तर वाट मोकळी. राहायचं असेल, तर त्यासाठीही वाट हवी.

यावर काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे, कारण पटांगणावर यावर आमच्या पोरांनी तासभर वाद घातलाय.

पहिला आक्षेप, यानं श्रीमंत मालकांचं फावेल. बास्केटबॉलमध्ये ही भीती खरी ठरली आहे. सवलतींचा आधार घेऊन काही संघ मर्यादेच्या कितीतरी वर गेले. मग त्यांच्यावर कर लावावा लागला, त्याच्यावर आणखी रेषा ओढाव्या लागल्या. २०२३ च्या करारानंतर तर सगळ्यात वरची रेषा ओलांडणाऱ्या संघाला खेळाडूंची अदलाबदल करणंही अवघड झालं. बॉस्टननं २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच बोजाखाली जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोन महत्त्वाच्या खेळाडूंना दुसऱ्या संघांकडे पाठवलं. हे बघूनच मी दोन खेळाडूंची आणि निम्म्या रकमेची मर्यादा म्हणते. दार उघडायचं, पण उंबरा ठेवायचा. शिवाय ही सवलत विकत घेता येत नाही. ती मिळवायला तीन वर्षं पोर वाढवावं लागतं. ज्या मालकाकडे पैसा कमी पण धीर जास्त आहे, त्याला ती उलट अधिक उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप, सगळ्यांनी चांगले खेळाडू ठेवले तर लिलावाची रंगत जाईल. लिलाव दोन दिवसांचा असतो. खेळ दोन-तीन महिन्यांचा आणि संघावरचं प्रेम वर्षभराचं. आमच्या गल्लीतली लहान पोरं अस्लमचं नाव लिहिलेला टी-शर्ट घालतात, कारण तो अनेक वर्षं इथंच आहे. दर वर्षी पाठीवरचं नाव बदललं तर पोर कुणाला आपलं म्हणेल?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: पैसा कुठून आणायचा? इथं हिशेब लिहिणाऱ्या बाईला चार ओळी लिहू द्या. प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२१ ते २०२५ या पाच हंगामांसाठी ९०८ कोटींना गेले. म्हणजे हंगामाला सरासरी साधारण १८२ कोटी. बारा संघांच्या पर्सची बेरीज ६० कोटी. प्रक्षेपणाच्या त्या सरासरी रकमेच्या ती साधारण एक तृतीयांश भरते. सामने भरवायचा, प्रवासाचा, मुक्कामाचा, पंचांचा खर्च असतो हे मला कळतं. कुणी सगळं खिशात घालतंय असा माझा आरोप नाही. पण बास्केटबॉलमध्ये लीगच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा असतो, आणि तो करारात लिहिलेला असतो. पगाराची मर्यादा त्या उत्पन्नावरून निघते. धंदा वाढला की मर्यादा आपोआप वाढते. आपली पर्स २०२३ मध्ये ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी झाली आणि नंतरच्या दोन हंगामांतही ५ कोटीच राहिली. ती कशावरून ठरते, हे खेळणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

पर्स वाढवायची तर हळूहळू वाढवावी, हेही बास्केटबॉलनं ठेच खाऊन शिकवलंय. २०१६ मध्ये तिथं टीव्हीचा नवा मोठा करार लागू झाला आणि मर्यादा एका वर्षात ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४० लाखांवर गेली. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे अचानक जागा झाली. त्यांचा स्टेफन करी जुन्या, स्वस्त करारावर होता. त्या जागेत त्यांनी केव्हिन ड्युरंटला आणलं आणि पुढची दोन्ही विजेतेपदं नेली. आधीच बलवान असलेला संघ आणखी बलवान झाला. म्हणून २०२३ च्या करारात त्यांनी ठरवलं की मर्यादा वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. आपल्याकडेही उत्पन्नाशी बांधलेली, दर वर्षी थोडी थोडी वाढणारी पर्स असावी. त्यातून घरच्या पोरांच्या सवलतीचा खर्च निघेल आणि तळाची रक्कमही वाढवता येईल. २०२५ च्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती. ऐकायला बरी वाटते. पण कबड्डीपटूची चांगली वर्षं मोजून सात-आठ, आणि गुडघ्याची एक दुखापत त्यातली दोन खाऊन टाकते.

मी हे सगळं लिहितेय आणि समोर आमच्या मुली सराव करतायत. प्रो कबड्डीत त्यांच्यासाठी ना पर्स, ना लिलाव. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती. त्या वर्षी आमच्याकडे मुलींची संख्या दुप्पट झाली होती. पुढच्या वर्षी तिचा पत्ता नव्हता, आणि मुलीही ओसरल्या. मर्यादेचे नियम नव्यानं लिहायला कुणी बसलंच, तर दुसऱ्या पानावर मुलींच्या लीगचा हिशेबही मांडावा. कोरी वही आहे, चुका सुधारून लिहायला सोपं जाईल.

कुणी म्हणेल, नियम म्हणजे नियम, ते असे बदलत नसतात. ज्या गावात हुतूतूचे नियम कागदावर उतरवण्याचं काम झालं, त्या गावात हे मला कुणी सांगू नये. संजीवनी, अमर, गामिनी असे खेळाचे वेगवेगळे प्रकार आपल्याकडे होते. बाद झालेला गडी परत येऊ द्यायचा की नाही, यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी वाद घातले आणि शेवटी बाद झालेल्याला परत यायची वाट देणारी संजीवनीची पद्धत टिकली. बोनसची रेषा नंतर आली, मातीची मॅट झाली, दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक झाली. प्रत्येक बदलाच्या वेळी कुणीतरी म्हणालं की खेळ बिघडला. खेळ वाढत गेला.

तेव्हा पुढच्या लिलावाआधी नियमांच्या पुस्तकात एक कलम घालावं. हिशेबाच्या भाषेत ते मी असं लिहीन: तरुण खेळाडूंच्या योजनेतून आलेला आणि सलग तीन हंगाम एकाच संघात वाढलेला खेळाडू त्याच संघात राहू इच्छित असेल, तर त्याच्या मानधनाची निम्मी रक्कम पर्सच्या बाहेर धरावी, एका संघाला असे दोन खेळाडू, आणि कागदावर संघाच्या सहीच्या आधी खेळाडूची सही असावी.

आमच्या उजव्या कोपऱ्याच्या पोराला मी हे वाचून दाखवलं. तो सुट्टीवर आला होता, लहान मुलांना मॅट जोडायला मदत करत होता. ऐकून म्हणाला, "ताई, ते शेवटचं वाक्य आधी टाका."

त्याचं बरोबर आहे. पर्सचा आकडा नंतर बोलू. आधी त्याला विचारा.